स्प्रे गन घेण्याआधी कॉम्प्रेसरची पाटी वाचा

वडिलांची जुनी चेतक घरीच रंगवायची ठरवली तेव्हा मी सगळ्यात आधी गन विकत घेतली. चकचकीत, निळ्या मुठीची, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'एचव्हीएलपी', म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबावर चालणारी. कॉम्प्रेसर काय, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून रविवारपुरता आणू, असा हिशेब. आणलाही. १ एचपीची मोटर, २४ लिटरची टाकी. पहिलं अर्धं मिनिट फवारा असा मखमली आला की मी बायकोला बघायला हाक मारली. ती बाहेर येईपर्यंत गन थुंकायला लागली होती. त्या पॅनेलवर बसलेले दाणे पुढचे दोन रविवार वॉटर पेपरने घासत बसलो.

गनमध्ये खोट नव्हती. खरेदीचा क्रम उलटा होता. काय रंगवायचं ते आधी, हवा किती मिळणार ते त्यानंतर आणि गन सगळ्यात शेवटी. पुढची पावलंही त्याच क्रमाने.

पाऊल १ : काय रंगवायचं ते ठरवा

बंपरच्या कोपऱ्यावरचा ओरखडा किंवा आरशाची टोपी एवढंच काम असेल तर गन घेऊच नका. रंगाचा स्प्रे कॅन आणा आणि मोकळे व्हा. स्कूटर, बाइकची टाकी, कारचं एखादं दार किंवा फेंडर हे घरी जमणारं काम आहे. संपूर्ण कार मात्र नाशिकच्या सिडकोतल्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये रंगवू नये, असं माझं स्पष्ट मत. छत आणि बॉनेट एका दमात, ओल्यावर ओला हात मारत पूर्ण करावं लागतं. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागतो, धूळ नसलेली बंद जागा लागते आणि आपल्याकडे दोन्ही नसतं.

रंग बदलणार असाल तर आणखी एक. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. लाल गाडी निळी केली तर ती नोंद बदलून घ्यावी लागते, म्हणजे एमएच १५ वाल्यांना पेठ रोडच्या आरटीओची एक फेरी. आणि लष्करी गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा खासगी गाडीला चालतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं साफ लिहिलंय. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर जीपगाड्या बघून ज्यांना तो मोह होतो त्यांच्यासाठी हे सांगून ठेवलं.

पाऊल २ : हवेचा हिशेब

गन रंग फेकत नाही. ती हवेने रंगाचे बारीक थेंब करते, आणि त्यासाठी दर मिनिटाला ठरावीक हवा सतत लागते. ही हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट अशी मोजतात. काही पाट्यांवर ती लिटरमध्ये असते; १ सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर.

पूर्ण आकाराच्या एचव्हीएलपी गनला साधारण १० ते १४ सीएफएम हवा लागते. १ एचपीचा घरगुती कॉम्प्रेसर प्रत्यक्षात देतो ३ ते ४. मधली तूट टाकी भरून काढते, पण किती वेळ? बार हे दाबाचं माप. २४ लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारवर येईपर्यंत ९६ लिटर हवा सोडते. गन मिनिटाला २८० लिटर खाते, कॉम्प्रेसर शंभरेक लिटर परत भरतो. म्हणजे तूट १८० ची, आणि ९६ लिटर संपायला लागतात जेमतेम तीस सेकंद. माझं मखमली अर्धं मिनिट ते हेच. पन्नास लिटरच्या टाकीने हाच वेळ मिनिटभराच्या वर जातो. एक छोटं पॅनेल सावकाश निघतं.

पाटी वाचताना एक मेख लक्षात ठेवा. तिच्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा 'डिस्प्लेसमेंट'चा असतो, म्हणजे पिस्टन किती हवा हलवतो त्याचा. नळीतून बाहेर येणारी हवा वेगळी. तिला 'एफएडी' (फ्री एअर डिलिव्हरी) म्हणतात. पाटीवर एफएडी दिलेला नसेल तर मोठ्या आकड्यातून तीस टक्के वजा करा आणि उरेल तेवढाच आपला समजा. दुकानदार दाबाचा आकडा, पीएसआय किंवा बार, सांगत राहील, '८ बार आहे साहेब, कुठलीही गन चालेल'. दाब आणि हवेचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायकलच्या पंपातही दाब भरपूर असतो.

२ एचपीचा कॉम्प्रेसर लावणार असाल तर तो १६ अँपियरच्या सॉकेटवरच. लांबलचक एक्स्टेंशन बोर्डावर मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि वाइंडिंग तापतं. अंतर वाढवायचंच तर वायरऐवजी हवेची नळी लांब घ्या.

पाऊल ३ : त्या हवेत बसणारी गन

कप खाली असलेली जुन्या धाटणीची सक्शन गन गॅरेजात अजून दिसते. तिचा कप मोठा, तळाला रंग उरतो, आणि निम्म्याहून जास्त रंग पॅनेलवर न बसता हवेत जातो. तो हवेतला रंग म्हणजे शेजाऱ्याची पांढरी कार आणि वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्या. घरगुती कामाला कप वर असलेली ग्रॅव्हिटी गनच घ्यावी, शेवटचा थेंबही वापरला जातो.

एचव्हीएलपी गनमध्ये एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडावरच्या हवेच्या टोपीपाशी, दाब १० पीएसआयच्या आत ठेवलेला असतो. थेंब हळू जातात, पॅनेलवरून उसळत नाहीत आणि रंग वाचतो. फक्त तिची हवेची भूक मोठी. एलव्हीएलपी, म्हणजे कमी हवा आणि कमी दाबाचा प्रकार, ४ ते ६ सीएफएमवर भागवतो, काम थोडं सावकाश होतं. दीड-दोन एचपीच्या कॉम्प्रेसरवाल्याने डोळे मिटून हीच घ्यावी. आणि १ एचपीवाल्याने मिनी गन, म्हणजे पेंटर ज्याला टच-अप गन म्हणतात ती : ०.८ किंवा १ मिलिमीटरचं नोझल, पाव लिटरच्या आतबाहेरचा कप, ३-४ सीएफएममध्ये खूश. चेतक शेवटी मी हिच्यावरच रंगवली. फवाऱ्याचा पट्टा अरुंद पडतो, हात जास्त फिरवावा लागतो, पण स्कूटरला सपाट जागा असते तरी किती?

विजेवर थेट चालणाऱ्या, कॉम्प्रेसर न लागणाऱ्या गनच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भिंत, गेट, फार तर गाडीच्या पोटाखालचा पत्रा यासाठी त्या ठीक. गाडीच्या अंगावर नको, थेंब जाड पडतात.

पाऊल ४ : नोझल

आपल्याकडच्या द्राक्षवाल्याला नोझलचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. भोक झिजलं की थेंब मोठा होतो, औषध पानावरून ओघळतं, हे निफाड-पिंपळगावात पोरालाही माहीत असतं. रंगाचं तसंच. रंग आणि लॅकर (रंगावरचा पारदर्शक, चमकदार थर) पातळ, त्यांना पूर्ण आकाराच्या गनमध्ये १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल. रंगाखालचा, ओरखडे भरणारा सरफेसर-प्रायमर दाट, त्याला १.७ ते २. एकाच १.४ मधून प्रायमर मारायला गेलात तर तो इतका पातळ करावा लागतो की खालचे ओरखडे भरतच नाहीत.

गंमत म्हणजे फवाऱ्याची ही विद्या आली दवाखान्यातून. अमेरिकेतल्या टोलेडोचे डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८८ मध्ये रुग्णाच्या घशात औषध उडवायचं उपकरण विकायला घेतलं, आणि त्यांच्या मुलाने पुढे १९०७ मध्ये त्यातूनच रंगाची गन काढली.

दोन नोझलची एक गन घ्यावी की दोन गन? मी म्हणेन दोन. प्रायमरची गन हजार-दीड हजारातली साधी चालते, नाहीतरी त्यावर घासाई होणारच. उरलेले पैसे रंगाच्या गनवर लावा. प्रायमरचे कण एकाच गनमध्ये कुठेतरी लपून बसतात आणि नेमके लॅकरच्या शेवटच्या हाताला बाहेर येतात.

पाऊल ५ : दुकानात गन पारखणे

गन ऑनलाइन स्वस्त मिळते, पण मी सातपूर-अंबडकडच्या औद्योगिक हार्डवेअरच्या दुकानातून घेतो, कारण तिथे कॉम्प्रेसर असतो आणि गन चालवून बघता येते. दुकानदार कुरकुरला तर गोड बोला. थिनरची छोटी बाटली आणि जुनी वर्तमानपत्रं घरूनच न्या.

आधी गन खोला. सुई बाहेर काढून काचेच्या काउंटरवर लोळवा. लडबडली तर वाकडी आहे. नोझल उजेडाकडे धरून भोक गोल आहे का, कडेला चरा आहे का ते बघा. सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचं असावं. मग जोडून कपात थिनर घाला आणि नळी न लावता पाच-दहा मिनिटं टांगून ठेवा. टोकाला थेंब जमला तर सुई नीट बसत नाही, आणि हीच गन तुमच्या तयार पॅनेलवर नेमक्या वेळी ठिपका टाकेल. घोडा अर्धा दाबल्यावर नुसती हवा आणि पूर्ण दाबल्यावर रंग, असे दोन टप्पे बोटाला स्पष्ट कळले पाहिजेत.

आता हवा लावून, वर्तमानपत्रापासून वीतभर अंतर धरून, एकदाच झटकन दाबा. उभा, लांबट, दोन्ही टोकांना विरत जाणारा पट्टा उमटायला हवा. केळ्यासारखा वाकला किंवा एका अंगाला जड पडला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबा. दोष कॅपबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर कॅपच्या शिंगातलं भोक बुजलेलं किंवा वेडंवाकडं आहे. जागचा हलला नाही तर नोझल खराब. नव्या गनमध्ये दोन्ही नको. पट्टा मध्ये फाटून डमरू झाला तर घाबरू नका. बहुतेक वेळा हवा जास्त असते, कमी केली की जुळतो.

वॉशर, पॅकिंग आणि सुई-नोझलचा संच सुटा मिळतो का, हे तिथेच विचारा. मिळत नसेल तर ती गन दिसायला कितीही देखणी असो, खाली ठेवा.

पाऊल ६ : गनबरोबरचा खर्च

आतून ८ मिलिमीटरची नळी घ्या. गुंडाळीची पातळ नळी दाब गिळते. गनच्या मुठीशी छोटा रेग्युलेटर लावा, आणि दाब घोडा दाबलेला असताना वाचा, सोडलेला असताना नाही. पाणी पकडणारा फिल्टर हवाच. तो कॉम्प्रेसरला चिकटवून लावला तर उपयोग कमी, कारण गरम हवा पुढे नळीत थंड झाली की पाणी तिथे सुटतं. दोन-चार मीटर नळी सोडून लावा. टाकीखालचा कॉक उघडून रोज पाणी काढा.

मास्कवर कंजुषी करू नका. कापडी रुमाल आणि साधा एन-९५ थिनरच्या वाफेपुढे निरुपयोगी आहेत. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. हार्डनर घालून मारायच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. त्याचा वास जाणवेपर्यंत छातीत गेलेलं असतं, आणि एकदा दमा जडला की तो हटत नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. म्हणून घरी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावरच थांबावं असं मला वाटतं. एनसीची एक खोड आहे : पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. पेट्रोलच्या झाकणाजवळचा भाग आणि बाइकची टाकी यांच्या तयार रंगावर, त्याच्याशी जमणारं पीयू लॅकर कोणतं ते आधी विचारून, बूथ (रंगकामाची बंद खोली) असलेल्या पेंटरकडून ते मारून घ्यावं. मी तेच केलं.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकते. पार्किंगला लागून गॅस गीझर असेल तर तो बंद करा आणि घरच्यांना तसं सांगूनही ठेवा. कॉम्प्रेसर फवाऱ्यापासून लांब, उघड्यावर.

पाऊल ७ : दिवस निवडा, मग डब्यावर हात बसवा

नाशकात जून ते सप्टेंबर रंगाचं नावच काढू नका. दमट हवेत एनसीवर पांढुरकी धुरकट साय येते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहाच्या आधी पत्रा बर्फासारखा असतो, अकरा ते तीन ही वेळ गाठा. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं, थेंब पत्र्यावर टेकण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. तेव्हा सावकाश उडणारं थिनर मागा, सकाळी लवकर उरका. मला ऑक्टोबरचा शेवट सगळ्यात भावतो. लादीवर आधी पाणी शिंपडा, धूळ बसते.

पहिला फवारा गाडीवर नको. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घासून, पुसून, उभा करा. त्याच्या चार बाजू म्हणजे चार प्रयत्न. हात मनगटातून न फिरवता खांद्यातून सरळ न्या, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. ओघळ आला तर हात हळू आहे किंवा गन फार जवळ आहे. कोरडे दाणे बसले तर गन लांब आहे, किंवा हवा जास्त. पहिली बाजू बिघडेलच. चौथ्या बाजूत ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसली की चेतकच्या पॅनेलला हात लावा.