भेदरलेले मूल घरी आल्यावर

मारहाण, उपासमार किंवा सततची हेळसांड सोसलेले लहान मूल दत्तक म्हणून किंवा नात्यातल्या घरून तुमच्याकडे राहायला आले असेल, तर त्याला वळण लावण्याची घाई करू नये. धोका जाणवला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि धोका टळल्यावर ओसरते. भीती रोजचीच झाली की मात्र ही यंत्रणा बिघडते. मेंदूतील धोका टिपणारा अमिग्डाला हा भाग क्षुल्लक कारणानेही चाळवू लागतो, आणि स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस व मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. ज्याला आपण हट्टीपणा म्हणतो, ते पुष्कळदा धोक्याच्या घरात तग धरायला शिकलेल्या मेंदूचे वागणे असते.

म्हणून जेवण, आंघोळ आणि झोप यांच्या वेळा शक्यतो बदलू नयेत, आणि पुढे काय होणार ते आधी सांगावे: "आता दिवा मालवते, पण मी इथेच बसले आहे." निदान सुरुवातीचे काही महिने हे सारे एकाच व्यक्तीने करावे, पाहुण्यांची रीघ तेवढी टाळावी.

ताट पडल्याच्या आवाजाने मूल पलंगाखाली शिरले, तर त्याला ओढून बाहेर काढू नये. थोड्या अंतरावर जमिनीवर बसून हळू आवाजात मोजकेच बोलावे. भीतीच्या भरात विचारशक्ती मागे पडलेली असते, त्यामुळे "असं का केलंस?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही; समजावणे शांत झाल्यावर. पोटभर जेवूनही मूल पोळीचा तुकडा उशीखाली लपवते, तेव्हा घरची माणसे दुखावतात ("आम्ही काय उपाशी ठेवतो का?"), पण त्यावर चोरीचा शिक्का मारू नये. त्याच्या हाताशी येईल असा खाऊचा डबा ठेवावा आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नये.

रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ मुलांचा अभ्यास बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून त्यांतील निम्मी मुले पालक-कुटुंबांत, म्हणजे परक्या मुलाचा घरच्यासारखा सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत, देण्यात आली. साधारण दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेलेल्या मुलांच्या मेंदूचे विद्युत आलेख आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारखे दिसू लागले. उशिरा गेलेल्यांचा लाभ कमी होता. तरीही मोठे मूल हातचे गेले, असा अर्थ यातून काढू नये.

शिकलेले शब्द मागे पडत असतील, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा कोणाकडेच धाव घेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून आधी श्रवणशक्ती तपासून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही असेच अलिप्त वाटते. मग बाल-मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मार्गदर्शनासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मूल अजून मारहाणीच्या घरातच असेल, तर मात्र आधी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.