हिरडीच्या ग्राफ्टसोबत पीआरएफ: आदल्या दिवशी काय तयार हवं

भूल, ब्लेड, सक्शन हे रोजचंच, त्यावर शब्द घालवत नाही. ही यादी उघड्या पडलेल्या मुळावर टाळूची कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट (टाळूच्या आतून काढलेला ऊतीचा तुकडा) बसवताना सोबत रुग्णाच्याच रक्ताचं पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे रक्त फिरवून मिळणारी प्लेटलेट्सनी भरलेली गुठळी) वापरणाऱ्यांसाठी आहे.

सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं मशीन, आदल्या संध्याकाळीच पाण्याच्या नळ्या लावून फिरवून पाहा. मिनिटाला 2700 फेरे, 12 मिनिटं. मशीन वेगळ्या बनावटीचं असेल तर फेरे नव्हे, जी-फोर्स (गुरुत्वाच्या किती पट ओढ) जुळवा, गुठळीच्या जागी साधारण 400 जी. रोटर लहान-मोठा झाला की त्याच फेऱ्यांत गुठळी वेगळी बनते.

नळ्या 9-10 मिलीच्या, काचेच्या, आत काहीही न घातलेल्या. लाल बूच दिसलं म्हणून उचलू नका. प्लास्टिकच्या लाल बुचाच्या नळीत बहुधा सिलिकाचा क्लॉट अॅक्टिव्हेटर असतो. निळ्यात सायट्रेट, जांभळ्यात ईडीटीए, त्यात गुठळी होतच नाही. लेबल वाचा, मुदतही पाहा. जुन्या नळीचा व्हॅक्यूम उतरलेला असतो, रक्त रेंगाळत येतं, आणि रेंगाळणं इथे परवडत नाही.

कारण सुई शिरल्यापासून मशीन सुरू होईपर्यंत हातात जेमतेम एक मिनिट असतं. नळीत रक्त गोठू नये असं काहीच नाही, काचेला लागताच ते गोठायला लागतं. उशीर झाला की प्लेटलेट्स एका जागी गोळा होण्याआधीच फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि हातात येतो भुसभुशीत, टाका न धरणारा तुकडा. म्हणून मशीन खुर्चीशेजारी, झाकण उघडं, वेळ लावलेली, तोलासाठी पाण्याची नळी भरलेली. 21 गेजची बटरफ्लाय सुई, रक्त काढायला सरावलेला हात. चार नळ्या हव्या असतील तर पहिल्या दोन भरताच मशीन सुरू करा. बाकीच्या भरल्या की थांबवून घाला. चारही भरेपर्यंत थांबू नका. एक मिनिट म्हणजे एक मिनिट. आणि हे सगळं टाळूला चीर देण्याआधी: गुठळी बिघडली तर दुसऱ्यांदा रक्त घेता येतं, उघडी जखम वाट पाहत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीच विचारून घ्या. परस्पर बंद करू नका, 12 ऐवजी 18 मिनिटं फिरवा.

गुठळी काढताना खालच्या लाल भागाची दोनेक मिमीची कड राहू द्या, प्लेटलेट्स तिथेच दाटलेल्या असतात. पीआरएफ बॉक्समध्ये हलक्या वजनाखाली 1 मिमी जाडीच्या पडद्यापर्यंत दाबा. गॉजमध्ये पिळू नका. निथळलेल्या द्रवातच ओली ठेवा.

पातळ हिरडीत पीआरएफ ग्राफ्टची जागा घेत नाही. खरा फायदा टाळूच्या जखमेला: दुखणं कमी, भरणं लवकर. तेव्हा एक पडदा तिथे राखून ठेवाच.

फ्लॅप (ग्राफ्टवर ओढून घेतलेली हिरडी) ताणाशिवाय, कडा इनॅमल आणि मुळाच्या सांध्यापलीकडे, दाताच्या टोकाच्या बाजूला, 1-2 मिमी. 6-0 टाके, दोन आठवड्यांनी काढा. तोवर त्या जागी ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीनची चूळ.