कुंडीतलं रोप सुकतंय? पाण्याआधी मुळं बघा

पावसाने ताण दिला की मराठवाड्यात सुकलेल्या रोपाचं एकच कारण सांगितलं जातं: पाणी कमी पडलं. मग तांब्याभर पाणी ओतलं जातं. आषाढ-श्रावणात ही घाई नडते, कारण मुळं खाणाऱ्या अळ्या कुंड्यांत आणि रोपवाटिकेच्या पिशव्यांत याच दिवसांत वाढत असतात. माती ओली असूनही रोपाने मान टाकली आणि रात्रभरात ते सावरलं नाही, तर पाणी थांबवा. खोड धरून हलकंच ओढून बघा. ते सैल लागलं तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढा. मुळं काळी पडून कुजलेली असतील तर तो मर किंवा मूळकूज रोग समजावा. ती कुरतडलेली असतील, बारीक तंतुमुळं नाहीशी झाली असतील, तर माती फोडून अळी शोधा.

अळी नीट पाहिल्याशिवाय औषध आणू नका. पांढरट, वाकडी, तपकिरी डोक्याची आणि पाय अजिबात नसलेली लहान अळी ही सोंडकिड्याची, म्हणजे सोंडेसारखं तोंड असलेल्या छोट्या भुंग्याची. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी दुसऱ्या भुंग्याची अळी, तिच्यापेक्षा बरीच मोठी होते आणि तिला पुढे पायांच्या तीन जोड्या असतात. शेणखतातून आणखी एक जाडजूड अळी येते. तिला सपाट फरशीवर ठेवा. ती उलटी होऊन पाठीवर सरपटू लागली तर ती कुजलेलं खाणारी आहे. तिला उकिरड्यावर सोडून द्या.

करडा सोंडकिडा अर्ध्या ते पाऊण सेंटीमीटरचा असतो. वांगी, गुलाब, मोसंबी, बोर, आंबा यांच्या पानांच्या कडा तो खाचा पाडून खातो. तो कपाशीवरही असतो, त्यामुळे शेजारी कपाशीचं रान असेल तर नजर जास्त ठेवा. त्याची मादी मातीत अंडी घालते आणि निघालेल्या अळ्या मुळांवर जातात. म्हणूनच पानांवरच्या खाचा किरकोळ समजू नयेत. पान थोडं गेल्याने रोप मरत नाही, पण खाली काय चाललंय याची तीच पहिली खूण असते.

सोंडकिड्याचे भुंगे वेचणं हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय. सकाळी लवकर रोपाखाली जुनं धोतर किंवा उलटी छत्री धरा आणि फांदी झटका. धक्का बसताच भुंगे मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतात. ते साबणाच्या पाण्यात टाका. पाऊस सुरू झाल्यावर कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी जमणारे हुमणीचे भुंगेही असेच गोळा करता येतात.

अळ्या सापडलेल्या कुंडीतली माती दुसऱ्या झाडाच्या बुडाशी टाकू नका. ती उन्हात पातळ पसरा, कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे टाका. रोपाची मुळं झटकून नव्या मिश्रणात लावा, शेंडे थोडे छाटा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. नव्या मिश्रणात शेणखत पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलंच हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी घरी येते. घमेलाभर मिश्रणात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा.

मेटारायझियम ही बुरशी सोंडकिडा आणि हुमणी या दोन्हींच्या अळ्यांवर चालते. पाकिटावरच्या मात्रेने ती पाण्यात कालवून संध्याकाळी ओल्या मातीत ओता आणि आठ-दहा दिवस ओल टिकवा. कोरड्या, तापलेल्या मातीत ती काम करत नाही. तिच्यासोबत किंवा लगेच मागे बुरशीनाशक ओतलंत तर तीही मरेल. अळ्या दिसल्या की मूठभर थिमेट हे कीटकनाशक टाकायची सवय मात्र सोडा. त्यातल्या फोरेट या विषावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि अंगणातल्या कुंडीजवळ लेकरं, वासरं, कोंबड्या फिरत असतात. कीड आटोक्यात येत नसेल तर अळी डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दाखवा.

मोसंबी, केशर आंबा किंवा सीताफळाची रोपं सध्या विकत घेत असाल तर गाडी भरण्याआधी दोन-तीन पिशव्या चिरून मुळं बघा, त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी. पिशवीतली अळी खड्ड्यात गेली की तिला शोधणं अवघड होतं.