मार्सेलस शेलच्या गाळात रेडियम मोजताय? या चुका टाळा

आकडा कमी आला की सगळे आधी डिटेक्टरकडे संशयाने बघतात, पण निम्म्या वेळा घोळ सँपलच्या डब्याच्या झाकणात असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेल या खडकाच्या थरातल्या गॅस विहिरींतून जो गाळ आणि खारं पाणी वर येतं त्यात मेन भानगड रेडियम-226 या किरणोत्सारी प्रकाराची, पण गॅमा किरण मोजताना आपण बहुतेक वेळा त्याला सोडून त्याची नातवंडं-पतवंडं, म्हणजे ते विघटन होत पुढे बनणारी मूलद्रव्यं बघतो: लेड-214 चा 352 आणि बिस्मथ-214 चा 609 केईव्हीचा (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं एकक) पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा. आणि या साखळीत मधे बसलाय रेडॉन, तो पडला गॅस, फट मिळाली की पसार! म्हणून डबा गळ्यापर्यंत भरायचा, सील करायचा आणि 3 आठवडे हात लावायचा नाही. सुरुवातीला रेडॉन सगळा उडालेला असेल तर आठवडाभरात तो 72 टक्क्यांपर्यंतच परत साठतो. झिपच्या पिशवीत ठेवून तर अजिबात मोजू नका.

माझ्या एका सँपलचा आकडा महिना झाला तरी वर सरकेना, शेवटी डबा उघडून बघितला तर झाकणाच्या आट्यांत वाळलेला गाळ अडकलेला. आता आधी आटे पुसतो, मग टेप.

घाई असली की लोक थेट रेडियमचाच 186 केईव्हीचा पीक घेतात. खाऱ्या पाण्यात ठीक आहे, तिथे युरेनियम जवळजवळ नसतंच. पण ड्रिलिंगच्या दगडाच्या चुऱ्यात युरेनियम भरपूर आणि युरेनियम-235 चा पीक नेमका तिथेच येऊन बसतो, मग रेडियम जवळपास पावणेदोनपट दिसतं आणि तुम्ही उगाच घाबरता.

पिण्याच्या पाण्यातलं रेडियम मोजायची ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) 903.0 पद्धत विहिरीच्या या खाऱ्या पाण्याला लावणं ही तर मोठीच चूक. ती रेडियमला बेरियमबरोबर खाली बसवते आणि इथे पाण्यात बेरियम आधीच खच्चून भरलेलं. 2014 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या टीमने करून बघितलं तर रेडियम जेमतेम 1 टक्का हाती लागलं, म्हणजे रिपोर्ट एकदम क्लीन आणि पाणी तसंच.

गायगर काउंटर (किरणोत्सार टिपणारं यंत्र) गाळाच्या ट्रकला बाहेरून लावून टिकटिक नाही म्हणून ओके म्हणू नका, अल्फा किरण तर पत्र्यातून येतच नाहीत. गाळ ओला तोलला की वाळवून परत तोला आणि तेही वजन लिहा, आणि किरणोत्साराचं युनिट बघा हो, 1 बेकरेल म्हणजे 27 पिकोक्युरी.