ग्रुप पॉलिसीतून सॉफ्टवेअर जात नव्हतं, ते असं सुटलं

ऑफिसच्या पीसींवर ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या अनेक पीसींच्या सेटिंग्ज एका जागेवरून ठरवायची सोय) एमएसआय, म्हणजे सॉफ्टवेअरची इन्स्टॉलर फाइल, इन्स्टॉलच होईना. जीपीरिझल्टमध्ये (कोणती पॉलिसी लागली ते दाखवणारी कमांड) पॉलिसी लागलेली दिसायची, सॉफ्टवेअरचा मात्र पत्ता नाही. सिस्टम लॉग उघडला, तर इव्हेंट १०१, एरर १२७४. म्हणजे विंडोज नेटवर्कसाठी थांबतच नव्हतं. ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क’ ही सेटिंग चालू करून रीस्टार्ट केलं, तो अडसर गेला.

मग एरर १६१२ आला: फाइलपर्यंत पोहोचता येत नाही. इथेच खरी गोची आहे! माझ्या लॉगिनने शेअर (नेटवर्कवरचं फोल्डर, जिथे ही फाइल होती) सहज उघडत होता, पण इन्स्टॉलेशन कम्प्युटरच्या खात्यातून होतं. शेअर आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्या), दोन्हीकडे ‘डोमेन कम्प्युटर्स’ला (ऑफिसच्या नेटवर्कमधल्या पीसींच्या खात्यांचा गट) रीड परवानगी दिली आणि पुढच्या रीस्टार्टला सॉफ्टवेअर हजर. पाथ मात्र यूएनसीच (\\सर्व्हर\शेअर असा) द्या, मॅप केलेला ड्राइव्ह (Z: सारखं अक्षर दिलेला शेअर) स्टार्टअपच्या वेळी नसतोच.