राइडिंग मोअर घेण्याआधी जमीन मोजा

राइडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, घ्यायला निघालेला मनुष्य दुकानात गेल्यावर बहुधा इंजिन किती हॉर्सपॉवरचे आहे हे प्रथम विचारतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात मात्र यंत्र टिकेल की नाही हे इंजिनावर फारसे अवलंबून नसते. ते ठरते जमिनीचा उतार, मातीतून वर आलेला जांभा आणि पावसाळ्यातील ओल यांवरून. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एक सकाळ स्वतःच्या आवारात घालवावी.

क्षेत्रफळासाठी आरटीसी, म्हणजे कर्नाटकातील सातबारा, उताऱ्यावरील आकडा जसाच्या तसा धरू नये. उताऱ्यावर दोन एकर असले तरी घर, गोठा, विहीर, खळे, वाट आणि भाजीचे वाफे वजा केल्यावर कापायचे गवत एकरभरही उरत नाही, असे पुष्कळदा आढळते. उरलेले क्षेत्र वीस गुंठ्यांच्या आत असेल तर माझ्या मते राइडिंग मोअरचा विचार सोडून द्यावा, कारण हाताने ढकलण्याचे मोअर आणि कडेसाठी एक ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, एवढ्यावर ते काम अर्ध्या दिवसात आटोपते. एकरापुढे हिशेब बदलतो. ४२ इंच रुंदीचा डेक, म्हणजे पाती झाकणारा यंत्राखालचा भाग, ताशी पाच किलोमीटर वेगाने चालवला आणि वळणे व पट्ट्यांची एकमेकांवरील सरमिसळ यांसाठी पाव भाग सोडला, तर साधारण एका तासात एक एकर कापून होतो. ३० इंची डेकला त्याच कामासाठी जवळजवळ दीड तास लागतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाची उघडीप दोन-तीन तासांचीच मिळते, त्यामुळे तेथे रुंद डेकचे महत्त्व अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. अर्थात डेकची रुंदी ठरवण्याआधी फाटक मोजावे, कारण गवत बाहेर फेकणाऱ्या बाजूच्या पन्हाळीमुळे यंत्र डेकपेक्षा बरेच रुंद भरते.

उतार मोजणे हे या सगळ्यातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याचे काम होय. दहा फुटांची सरळ पट्टी घेऊन तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूस जमिनीवर टेकवावे, गवंड्याच्या पाणपातळीने ती आडवी करावी आणि दुसऱ्या टोकाखालील अंतर मोजावे. हे अंतर दोन फूट आठ इंच भरले तर उतार १५ अंशांचा आहे, आणि बहुतेक उत्पादक त्याहून अधिक उतारावर यंत्र नेऊ नये असे सांगतात. ओल्या गवतावर मी स्वतः याच्या निम्म्या उतारावरही जपूनच जातो. वर बसून चालवायचे यंत्र नेहमी उताराच्या दिशेने खाली-वर चालवावे, आडवे कधीही नेऊ नये. हाताने ढकलण्याच्या यंत्राचा नियम नेमका उलटा आहे.

प्रकारांची निवड येथूनच सुचते. जागच्या जागी वळणाऱ्या झीरो-टर्न प्रकारात वळण्याचे सगळे काम मागच्या दोन चाकांवर असते आणि पुढची चाके नुसती फिरती असतात, त्यामुळे सपाट जागेवर, नारळ-आंब्याच्या बुंध्यांभोवती, ते अप्रतिम काम करते; परंतु ओल्या उतारावर मागची चाके घसरली की चालकाच्या हाती काहीच राहत नाही. आमच्या खानापूरकडच्या जागेसाठी मी असेच एक जुने झीरो-टर्न हौसेने घेतले होते. पहिल्याच श्रावणात ते घसरत बांधाला टेकले, आणि पाते जांभ्याच्या उघड्या टोकावर आपटून त्याचा मधला दांडा, ज्याला स्पिंडल म्हणतात, वाकला. चूक यंत्राची नव्हती, निवडीची होती. चढउताराच्या आवारासाठी पुढे इंजिन असलेला लॉन ट्रॅक्टर घ्यावा, तोही शक्यतो हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता पायाने वेग कमीजास्त करता येईल असा. जांभा जागोजागी वर आलेला असेल तर आधी ते दगड काढावेत किंवा त्यांभोवती खुणा रोवून तेवढा भाग ब्रश कटरसाठी सोडावा.

चिकोडी-रायबागच्या काळ्या जमिनीत अडचण निराळी असते. तेथे उतार कमी, पण भिजलेल्या मातीत चालकासह अडीच-तीनशे किलोंचे वजन फिरले की चाकोऱ्या पडतात आणि ओले गवत डेकखाली गोळा होऊन पाते गुदमरते. अशा ठिकाणी रुंद टायर असलेले आणि गवत बाजूला फेकणारे यंत्र बरे. गवत कंबरेपर्यंत वाढू देऊन वर्षातून दोन-तीनदाच कापायचे असेल, किंवा घरात मिनी ट्रॅक्टर असेल, तर ट्रॅक्टरला मागे स्लॅशर, म्हणजे उंच गवत छाटणारे अवजार, जोडणे हाच शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग आहे. कापलेले गवत गुरांना घालता येईल या हिशेबानेही मोअर घेऊ नये. त्याचे पाते गवताचा बारीक चुरा करते, त्यात माती मिसळते आणि तो ढीग काही तासांत तापून आंबतो. वैरणीसाठी विळा किंवा ब्रश कटरच हवा.

आता पैशांचे. ब्रश कटर हजारांत येतो, राइडिंग मोअर लाखांत जातो आणि झीरो-टर्न सहसा त्याहून वर, हे खरे असले तरी खरेदीची किंमत हा अर्धाच हिशेब आहे. दोन एकरांचे आवार पावसाळ्यापासून गवत वाळेपर्यंत आठवड्याला कापले तर वर्षाला पन्नास-साठ तास सहज होतात. सुमारे दर ५० तासांनी इंजिनाचे तेल बदलणे, २५ तासांनी पात्यांना धार लावणे, शिवाय पट्टा आणि बॅटरी हा खर्च दरवर्षी धरावा. पाते तुटले तर वेल्डिंग करून पुन्हा बसवू नये, कारण तोल गेलेले पाते फिरताना सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लेथवर दांडा करून मिळेल, पण पट्टा आणि पाते मूळ मापाचेच लागते. म्हणून ते सुटे भाग बेळगावात मिळतात की कोल्हापूर-हुबळीहून मागवावे लागतात, आणि मिस्त्री जागेवर येतो की यंत्र टेंपोत घालून न्यावे लागते, हे सौदा ठरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर मोअरच्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे माळावरचे गवत वाळल्यावर यंत्र पाच-सहा महिने उभे राहते. त्या काळात इथेनॉल ओल शोषून कार्बोरेटर खराब करते. पुस्तिका आधी वाचावी आणि हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे.

शेवटी विक्रेत्याला यंत्र आपल्याच आवारात, शक्यतो पावसानंतरच्या दुसऱ्या दिवशी, चालवून दाखवायला सांगावे. सपाट जागी पाती फिरत असताना आणि यंत्र उभे असताना आसनावरून किंचित उठून पाहावे. इंजिन त्याच क्षणी बंद पडले पाहिजे; पडले नाही, तर आसनाखालचा स्विच बिघडला आहे किंवा कोणीतरी तार जोडून निकामी केला आहे, आणि ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी टेंपोत घालून परत पाठवावे.