बाळंतपणात जवळ कोण थांबणार? आधीच ठरवा

दिवस राहिले की घरात बोलणं निघतं ते बाळंतपण माहेरी की सासरी याचं. त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट ठरवून टाका: कळा येतील तेव्हा तुमच्याजवळ कोण थांबणार? जवळचं माणूस सतत सोबत असेल तर नॉर्मल बाळंतपणाची शक्यता वाढते, कळांचा काळही थोडा कमी होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाईला मनाजोगती सोबत मिळावी असं सांगते. सरकारी दवाखान्यांसाठीही केंद्राच्या तशा सूचना आहेत. तरी तुमच्या दवाखान्यात आत कोणाला सोडतात, हे सातव्या महिन्याच्या आत विचारून घ्या.

आई, जाऊ, मावशी, कोणीही चालेल. घाबरवणारी, स्वतःच्या बाळंतपणाच्या भयकथा सांगणारी मात्र नको. आपल्या सोलापुरात बऱ्याच घरांत तेलुगू, कन्नड बोलतात. डॉक्टरांचं मराठी नीट कळत नसेल तर दोन्ही भाषा येणारी बाई निवडा.

मग तिला तपासणीला सोबत न्या. तिसरा महिना संपायच्या आत नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. निदान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, आशाताईंना विचारा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर कोणतं इंजेक्शन कधी घ्यायचं, तेही विचारा.

हिमोग्लोबिनचा आकडा तोंडपाठ हवा. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या १८० गोळ्या देतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर लोह अंगी लागतं. भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच, पण ताटात डाळ आणि पालेभाजी रोज हवी. मिश्री आजच बंद करा. घरी विड्या वळत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा. तंबाखू हातांतून आणि धुळीतूनही अंगात जाते. हे काम या दिवसांत घरातल्या दुसऱ्या कोणी उचललं पाहिजे, हे मी ठामपणे म्हणते. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तहानेची वाट न बघता पाणी पीत राहा.

आठव्या महिन्यात पिशवी भरून ठेवा: कार्ड, सोनोग्राफीचे कागद, सुती कपडे, बाळाचं दुपटं. अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या बाजूला राहत असाल तर रात्री गाडी कोणाची, हेही पक्कं करा. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि गरज पडल्यास सीझरही मोफत होतं.

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट बघू नका. लगेच निघा.

कळा सुरू झाल्यावर सोबतिणीचं काम खरं सुरू होतं. फिरवा, कुशीवर झोपवा, कंबर चोळा, घोट घोट पाणी द्या, मोठा श्वास सोडायला सांगा. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत जोर लावायला लावू नका. सीझर करू म्हणाले तर शांतपणे तीन गोष्टी विचारा: कशासाठी? थोडं थांबलं तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? घाई असेल तर डॉक्टर तसं सांगतील, तेव्हा वेळ घालवू नका.

बाळ झालं की त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा. पहिल्या तासातच पाजा. तो पिवळसर चीक बाळाला मिळालाच पाहिजे. मध नको, गुटी नको, पाणीही नको. सीझर झालं असलं तरी सोबतिणीने बाळ धरून पाजायला मदत करावी.